आक्काताईंचे दोन शब्द

“आक्काताईंच्या चिठ्ठीवर किती मिनिटं लिहू?” मी विचारलं.

“मिनिटं कशाला?” शेटेसर म्हणाले. “दोन शब्द बोलू देत त्यांना. तेवढं पुरे.”

वाचनालयाच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो होतो. शेटेसर म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. मी ग्रंथपाल. तिसरी रेश्मा मुजावर. कासारगल्लीतली मुलगी, कोल्हापुरात शिकून आलेली. आमच्या मंडईतल्या बायकांवर तिने अठ्ठावीस मिनिटांचा माहितीपट केला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये तो दाखवायचा आणि त्यावर परिसंवाद घ्यायचा, असं ठरलं होतं.

“सर, फिल्म त्यांच्यावर आहे,” रेश्मा म्हणाली. “प्राध्यापकांना दहा मिनिटं, डॉक्टरीणबाईंना दहा मिनिटं आणि मावशींना दोन शब्द?”

“म्हणून तर व्यासपीठावर बसवतोय ना त्यांना. खुर्ची दिली, गुच्छ देणार. अगं, सवय नसते माणसांना. एकदा बोलायला लागल्या की गाडी कुठे जाईल सांगता येत नाही. आणि शेजारी नगराध्यक्ष बसणार आहेत. ही जागा नगरपालिकेची आहे, विसरू नकोस.”

रेश्माने माझ्याकडे बघितलं. मी बाजू घेईन, असं तिला वाटलं असावं.

मी गुलाबी चिठ्ठी पुढे ओढली आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: दोन शब्द.

खरं सांगायचं तर मलाही सर म्हणत होते तेच वाटत होतं. आक्काताई बंडगर वीस वर्षं मंडईत पालेभाजी विकत होत्या. मी त्यांच्याकडूनच मेथी घ्यायचे. त्यांचा आवाज फाटकापासून ऐकू यायचा, आणि एक गोष्ट सांगताना त्या वाटेत आणखी चार गोष्टी सांगायच्या. माझ्या कार्यक्रमात तसलं चालत नसे. गावात कार्यक्रम वेळेत उरकावा तर हेमलता तगारेने, हे तेव्हा सगळे मान्य करायचे, आणि आज मीही ते सांगायला लाजत नाही. प्रत्येक वक्त्याला आधी गुलाबी चिठ्ठी, त्यावर मिनिटं, आणि माझ्या टेबलावर पितळी घंटी. एकदा एका आमदारांना मी बाराव्या मिनिटाला घंटी वाजवून बसवलं होतं. तेव्हापासून गावात लोक मला थोडे वचकून असत.

“आणि आणखी एक,” शेटेसर रेश्माला म्हणाले. “त्या तुझ्या फिल्ममध्ये आक्काताई एका ठिकाणी तो शब्द वापरतात. तो काढता येईल का?”

“कुठला शब्द, सर?”

“तुला माहीत आहे.”

“नाही माहीत. तुम्ही सांगा ना.”

सरांचे कान लाल झाले. सत्तरीचा माणूस, आयुष्यभर व्याकरण शिकवलेलं, पण ‘मुतारी’ हा शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडेना. शेवटी रेश्मालाच त्यांची दया आली. त्या जागी सतारीचा एक सूर टाकते, असं ती म्हणाली आणि उठून गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही.

प्रकरण होतं ते एवढंच, त्या एका शब्दाचं. आमच्या मंडईत दीडशे बायका बसायच्या. आसपासच्या खेड्यांतून पहाटे पाचच्या टेंपोने यायच्या आणि दिवेलागणीला परत जायच्या. त्यांच्यासाठी एकही मुतारी नव्हती. मंडईमागची मोकळी जागा त्यासाठी राखून ठेवली होती, कागदावर, बारा वर्षं. आणि आता येत्या सोमवारच्या सभेत त्याच जागेवर संगीत कारंजं बांधायचा ठराव येणार होता. सोमवारी तो मंजूर झाला की विषय कायमचा मिटला. म्हणून रेश्माने शनिवारचा कार्यक्रम मागितला होता. नगराध्यक्षांच्या तोंडून चारचौघांत काहीतरी वदवून घ्यावं, एवढीच तिची धडपड होती.

आम्ही निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं: ‘महिला, आरोग्य आणि सामाजिक न्याय: एक परिसंवाद’. पत्रिका वाचून कोणालाही वाटलं नसतं की हे सगळं मुतारीबद्दल आहे.

शनिवारी हॉल भरला. पुढच्या रांगांत नेहमीची मंडळी, महिला मंडळ, कॉलेजची मुलं. मागे दरवाज्याजवळ मंडईतल्या तीसेक बायका, पाट्या बाहेर व्हरांड्यात ठेवून आलेल्या. नगराध्यक्ष धनवडे बरोबर चारला आले. पांढरेशुभ्र कपडे, हसरा चेहरा, सगळ्यांना नावाने हाक मारायची सवय. माणूस वाईट नव्हता. कुठल्याही गोष्टीला नाही म्हणायचा नाही, आणि करायचाही नाही.

आक्काताई इरकल नेसून आल्या होत्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. मी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या. त्यांनी ती उलटसुलट बघितली.

“काय ल्हिवलंय वो बाई?”

“दोन शब्द. म्हणजे तुम्ही दोन शब्द बोलायचं.”

“दोन?”

“हो. थोडक्यात.”

त्यांनी चिठ्ठीची घडी करून ती कमरेच्या पिशवीत ठेवली. “बरं,” म्हणाल्या.

पडदे ओढले, फिल्म सुरू झाली. मी ती तेव्हा पहिल्यांदाच बघत होते. त्यात एक प्रसंग आहे. आक्काताई दर अर्ध्या तासाने बादलीतलं पाणी ओंजळीत घेतात आणि मेथीवर, पालकावर शिंपडतात. उन्हाळ्याचे दिवस. भाजी टवटवीत. मागून रेश्मा विचारते, “मावशी, तुम्ही पाणी कधी प्यायलात?” आक्काताई म्हणतात, “पाटं घरनं निघताना. आता घरी गेल्यावर.” “दिवसभर नाही?” “पिऊन जाऊ कुटं?”

मी दर दोन दिवसांनी त्या टोपलीसमोर उभी राहत होते. जुडी ताजी आहे ना, एवढंच बघत होते. मला फार शरम वाटली.

मग सतार वाजली. पडद्यावर आक्काताई हातवारे करून पोटतिडकीने म्हणत होत्या, “आमाला काय म्हाल नको, आमाला फकस्त एक” आणि टुंग! मागच्या बायका खो खो हसायला लागल्या. “आगं, आक्कीच्या तोंडातनं तुनतुनं वाजलं!” कोणीतरी ओरडलं. पुढच्या रांगांनी वळून बघितलं. शेटेसरांनी चष्मा पुसायला घेतला.

दिवे लागले तेव्हा मात्र पुष्कळ बायकांच्या डोळ्यांना पदर होता. पुढच्या रांगेतल्या वकीलीणबाई तर हुंदके देत होत्या. टाळ्या बराच वेळ चालल्या.

प्राध्यापक बोलले. सार्वजनिक अवकाश, स्त्रीदेह आणि नागरिकत्व. बरोबर दहा मिनिटं, त्याबद्दल त्यांचे आभार. भाषण चांगलं होतं, टाळ्या पडल्या. डॉ. पोतनीस बोलल्या. मूत्रमार्गाचे विकार, खडे, वीस वर्षांचा अनुभव. त्यांचा आवाज मध्येच भरून आला. आणखी टाळ्या. धनवडेही टाळ्या वाजवत होते, अगदी मनापासून. दोघांच्या भाषणात ‘स्वच्छताविषयक सुविधा’ होत्या, ‘मूलभूत गरजा’ होत्या. मी घड्याळ बघितलं. दोन मिनिटं हातात होती. कार्यक्रम कसा अगदी काट्यावर चालला होता.

“आता ज्यांच्या जीवनावर हा माहितीपट आहे त्या आक्काताई बंडगर आपले दोन शब्द मांडतील,” मी माईकवर म्हणाले.

आक्काताई उठल्या. माईक त्यांच्या उंचीला आणला. त्यांनी पदर सारखा केला, हॉल एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला, मग मान वळवून थेट धनवड्यांकडे बघितलं.

“मुतारी बांधा,” त्या म्हणाल्या.

आणि गप्प झाल्या.

आम्ही वाट बघत होतो. पुढे काहीतरी येणार, कहाणी येणार, रडणं येणार, असं सगळ्यांना वाटत होतं. काही आलं नाही. आक्काताई नुसत्या उभ्या होत्या. कोणी टाळी वाजवली नाही. कुठे वाजवायची तेच कळेना. वकीलीणबाईंचा रुमाल हातातच राहिला. शेटेसर जमिनीकडे बघत होते.

धनवड्यांनाच ते असह्य झालं. बसल्या जागेवरून ते मोठ्या मायेने म्हणाले, “बोला आक्का, बोला. मोकळेपणानं बोला. आपलंच व्यासपीठ आहे.”

“झालं की,” आक्काताई म्हणाल्या. “दोन सांगितल्यात बाईंनी. दोन झालं.” आणि कमरेच्या पिशवीतून माझी गुलाबी चिठ्ठी काढून त्यांनी ती सगळ्या हॉलला दाखवली.

माझं अक्षर चांगलं ठळक आहे. पाचव्या रांगेपर्यंत सगळ्यांनी वाचलं असेल. लोक माझ्याकडे बघायला लागले. गेली कित्येक वर्षं मराठी माणूस ‘दोन शब्द बोलतो’ म्हणून उठतो आणि पाऊण तास बसत नाही, हे मला ठाऊक होतं. त्या दोन शब्दांना आवर घालायलाच तर माझी घंटी होती. पण कोणी खरंच दोन मोजून बोलेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“बसा ना आक्काताई,” मी हळूच म्हणाले.

“बसती की. सायेब सांगूद्यात, मग बसती.”

पत्रिकेप्रमाणे पुढे नगराध्यक्षांचा समारोप होता. धनवडे उठले. आक्काताई बाजूला सरकल्या, पण बसल्या नाहीत. माईकपासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. धनवड्यांनी माईक वर केला, घसा साफ केला.

“आजच्या या अतिशय हृद्य कार्यक्रमाचे आयोजक, आमचे गुरुवर्य शेटेसर, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आणि माझ्या तमाम माताभगिनींनो. खरं म्हणजे आज मी बोलायला आलेलोच नाही, ऐकायला आलोय...”

ही सुरुवात मी त्यांच्या तोंडून निदान तीस वेळा ऐकली होती. पुढचंही मला पाठ होतं. आधी त्यांची आई येणार, मग आईचे कष्ट, मग ‘सकारात्मक विचार करू’, आणि मग चहा. सोमवारी कारंजं.

मागे भिंतीला टेकून रेश्मा उभी होती. ती माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्याकडून तिची काही अपेक्षाच उरली नव्हती.

मी घंटी वाजवली.

धनवडे थांबले. त्यांना वाटलं, चुकून हात लागला. शेटेसरांनी दचकून वर बघितलं. समारोपाच्या वक्त्याला पंधरा मिनिटं असतात, आणि जेमतेम पाऊण मिनिट झालं होतं.

“साहेब, क्षमा करा,” मी म्हणाले. माझा आवाज ठणठणीत होता, याचं मलाच नवल वाटलं. “आक्काताईंनी दोन शब्दांत मागितलंय. आपण आधी दोन शब्दांत उत्तर द्यावं. भाषण त्यानंतर. वेळ मी वाढवून देते.”

“तगारेबाई!” शेटेसर दबक्या आवाजात म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

धनवडे हसले. मुरलेला माणूस. “बरं, दोन शब्द तर दोन शब्द,” ते म्हणाले. “बघू या.”

“आमी बी बारा वरसं तेच करतुया!” मागून एक बाई ओरडली.

हॉल हसला. आता पुढच्या रांगाही हसल्या.

“तसं नाही माउली,” धनवडे म्हणाले, “त्या जागेच्या बाबतीत काही तांत्रिक बाबी आहेत, कारंज्याचा प्रस्ताव वरून मंजूर होऊन...”

“ह्ये लई झालं,” बाजूला उभ्या आक्काताई शांतपणे म्हणाल्या. “दोन.”

त्यांनी दोन बोटंही दाखवली. कॉलेजच्या मुलांनी ते उचललं. “दोन! दोन!” सगळा हॉल हसत होता, वकीलीणबाईसुद्धा. राजकारणातल्या माणसाला चिडलेल्या लोकांचं काही वाटत नाही. त्यांना कसं शांत करायचं ते त्याला येतं. हसणाऱ्या लोकांपुढे मात्र त्याला काही सुचत नाही. धनवड्यांनी एकदा शेटेसरांकडे बघितलं. त्यांच्याकडून मदत येण्यासारखी नव्हती. मग आक्काताईंच्या त्या दोन बोटांकडे बघितलं.

“बरं. बांधू,” ते म्हणाले.

मी लगेच घंटी वाजवली. त्या शब्दांना आणखी फाटे फुटायला नकोत.

आमच्या वाचनालयात एक जुनी पद्धत आहे. कार्यक्रम संपला की तिथल्या तिथे इतिवृत्ताची वही पाहुण्यांपुढे ठेवायची आणि त्यांची सही घ्यायची. कोणी वाचत नाही. दोन ओळी असतात, कार्यक्रम उत्साहात पार पडला वगैरे. आभारप्रदर्शन चालू असताना मी त्या वहीत लिहिलं: ‘श्रीमती आक्काताई बंडगर यांनी मंडईमागील जागेवर महिलांसाठी मुतारी बांधा, अशी मागणी केली. मा. नगराध्यक्षांनी “बरं. बांधू” असे उत्तर दिले.’ तो शब्द लिहिताना माझा हात क्षणभर थबकला, हे कबूल करते. पण लिहिला, शुद्ध आणि ठळक.

चहाचा कप एका हातात आणि पेन दुसऱ्या हातात घेऊन धनवड्यांनी सही केली. मग वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहू नका हं कधी.”

“छे हो,” मी म्हणाले. “मला वेळ नाही.”

सोमवारी त्या पानाची झेरॉक्स घेऊन रेश्मा आणि साठ बायका नगरपालिकेत गेल्या. त्या दिवशी मंडईत पालेभाजी मिळाली नाही. कारंज्याचा ठराव मागे घेतला गेला. ते पुढे बसस्टँडसमोर झालं, आणि दोन महिन्यांत बंद पडलं. शेटेसर माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. मग एके दिवशी आपणहून म्हणाले, “बाई, वाचनालयाची जागा तर काही कोणी काढून घेतली नाही,” आणि वर्तमानपत्र उघडून बसले. तो विषय तिथे संपला.

मुतारी बांधून व्हायला चौदा महिने लागले. तेवढ्या काळात ही हकिकत मी गावभर सांगत होते. माहेरी सांगितली, ग्रंथपालांच्या अधिवेशनात सांगितली. माझ्या सांगण्यात ती घंटीची हकिकत होती. नगराध्यक्षांना घंटी वाजवणारी बाई. आक्काताई बिचाऱ्या दोन शब्द बोलून अडकल्या आणि मी प्रसंग सावरला, असं माझं प्रामाणिक मत होतं. एक गोष्ट तेवढी टोचायची, ती त्या चिठ्ठीची. ती मी सांगताना गाळत असे.

उद्घाटनाला फीत होती, मांडव होता, धनवड्यांचं पंचवीस मिनिटांचं भाषण होतं. त्यांची आई आली, आईचे कष्ट आले. सूत्रसंचालन माझ्याकडे नव्हतं, म्हणून घंटीही नव्हती. आक्काताई मांडवात दिसेनात. मी उठले आणि मंडईत गेले. त्या आपल्या जागेवर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या.

“तुम्ही आला नाहीत तिकडे?”

“बाजाराचा दिस हाय न्हवं बाई. आन मुतारी काय पळून जातीया व्हय?”

मी तिथेच त्यांच्या रिकाम्या पाटीवर टेकले. मनात वर्षभर साठलेलं होतं, ते बोलून टाकलं.

“आक्काताई, त्या दिवशी बाकीच्यांना मी दहा-दहा मिनिटं दिली होती. तुम्हांलाच तेवढे दोन शब्द. मला वाटलं, तुम्हांला नीट बोलता यायचं नाही. चुकलं माझं.”

“म्हाईत हाय की,” त्या म्हणाल्या. जुडी बांधायचं थांबल्या नाहीत. “परोफेसरची चिठ्ठी माज्या म्होरंच पडली हुती. धाचा आकडा कळतोय मला.”

“मग तुम्ही भांडला का नाहीत?”

“भांडणारच हुती. भाशान पाठ हुतं माजं. रेश्मीनं आट दिस घोटून घेतलं हुतं, माज्या सासूपासनं समदं. आयकलं असतं तर तुमी बी रडला असता.”

“आणि मग?”

आक्काताईंनी जुडी टोपलीत टाकली आणि माझ्याकडे बघितलं.

“फिल्लम झाली, टाळ्या. परोफेसर बोलला, टाळ्या. डाक्टरीणबाई रडली, लई टाळ्या. आन समद्यांत जोरात कोन वाजवतंय, तर धनवडे. तवा माज्या ध्यानात आलं. मी रडून बसली असती तर आनखी टाळ्या वाजवून च्या पिऊन समदी घराकडं गेली असती. म्हनलं, बाईंनी दोन दिल्यात त्येच बेस हाईत. आज टाळीच वाजू द्याची न्हाई.”